आठ करडं आणि चौदावं पान

फरीदाबाद, ११ जानेवारी २०२५

चि. प्रतीक,

आशीर्वाद मागाहून. आधी कामाचं.

गेल्या महिन्यात तुझ्या नारायणगावच्या युनिटमधून अळीच्या भुकटीची तीन किलोची पिशवी फरीदाबादला गेली, विनय कामत या नावाने. कामत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. रोज फिरायला जातात, शब्दकोडी सोडवतात. अळ्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही. पिशवी मी मागवली. माझ्या नावाने मागवली असती तर तू पाठवली नसतीस, किंवा पाठवून सोबत काहीतरी लिहिलं असतंस. दोन्हीची माझी तयारी नव्हती.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्र उघडायचं की नाही हे तू ठरव. न उघडलेलं पत्र निदान घरात तरी राहतं.

झालं ते एकदा सरळ लिहून टाकते. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये अळीपासून पशुखाद्य करण्याच्या तुझ्या प्रकल्पाचा अनुदानाचा प्रस्ताव फेटाळला गेला. छाननी समितीवर मी होते. तू फोन करून एकच प्रश्न विचारलास, "आई, तू वाचलंस का?" मी म्हणाले, "समितीने वाचलं." त्यानंतर आपण बोललेलो नाही. समितीत पाच जण होते हे मी आजही सांगते. पाच जणांचा निर्णय एकीच्या माथी मारणं बरोबर नाही.

असो. पिशवी उघडली. रंग जुन्या गुळाच्या ढेपेसारखा. मला कुजकट वासाची अपेक्षा होती, तो नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आहे आणि त्याच्या मागे किंचित सुकट. भिंगाखाली धरली तर पूर्ण न दळलेले तुकडे दिसतात, एकावर एक कड्या रचाव्यात तसे. चाळणी बारीक कर. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. कामतांना सांगितलेलं नाही, ते आमच्याकडे चहा पितात.

नाकारलेल्या टोमॅटोवर आणि सडक्या कांद्यावर जगणाऱ्या अळीतून हा वास येतो कुठून? चोवीस वर्षं मी पशुखाद्याची पोती तपासली. पेंडीत वाळू किती, कोंड्यात भुसा किती, हे मी डोळे मिटून सांगेन. याचं उत्तर मला ठाऊक नाही. बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट मला ठाऊक नाही, आणि त्यामुळे सकाळी लवकर जाग येते.

तेव्हा मी एक चाचणी करणार आहे. आठ करडं मिळाली आहेत.

आई


फरीदाबाद, १५ जानेवारी

चि. प्रतीक,

काल संक्रांत. इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला गेली. मी तिथे न जाण्याची ही अकरा वर्षांतली पहिली वेळ. अध्यक्षीणबाईंनी कारण विचारलं. म्हटलं, करडांची वजनं घ्यायची आहेत. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी कधी थट्टा करते?

करडं भतेरीची आहेत. भतेरी आमच्या सेक्टरमध्ये रोज सकाळी भाज्यांची सालं, देठं, शिळ्या पोळ्या गोळा करायला येते. पन्नाशीची असेल. डोंगराकडच्या गावात तिच्या बरबरी जातीच्या शेळ्या आहेत. नोव्हेंबरमध्ये पाच व्यायल्या, आठ करडं जगली. दूध ती विकते, त्यामुळे करडांच्या वाट्याला थोडंच येतं आणि दोन महिन्यांची झाली की ती हडकतात. म्हणून तिला विचारलं. लपवाछपवी केली नाही. पिशवीच तिच्या नाकाखाली धरली.

"मछली है, बहनजी?"

"कीड़े हैं. सुखाए हुए."

"ज़िंदा तो ना है कोई?"

"नहीं."

"तो ठीक सै. मेरी बकरी ने तो पिछले साल सरपंच का चुनाव वाला पर्चा खा लिया था, फोटू समेत. वो भी पच गया."

चार करडांच्या गळ्यात लोकरीचा लाल दोरा, चारांच्या गळ्यात निळा. दोन डबे, लाल झाकणाचा आणि निळ्या झाकणाचा. दोन्हींत मका, गव्हाचा कोंडा, शेंगदाणा पेंड, मीठ, खनिज मिश्रण. लाल डब्यात पेंड कमी करून तिच्या जागी दर किलोला शंभर ग्रॅम तुझी भुकटी घातली. प्रथिनं दोन्हींकडे सारखी येतील असा हिशोब केला आहे. भतेरीला तीनदा समजावलं, लाल दोऱ्याला लाल डबा, निळ्याला निळा, रोज सकाळ-संध्याकाळ मापाने. तिने तीनदा मान डोलावली.

वजनासाठी टांगता काटा आणला. करडू त्यात बसवायचं कसं? मंडळाच्या स्नेहसंमेलनात मिळालेल्या कापडी पिशवीला चार भोकं पाडली, पाय बाहेर, पोट आत. करडू मंडळाच्या नावासकट हवेत लटकतं आणि आपल्याकडे अशा नजरेने बघतं, की हे तुम्हाला शोभतं का? भतेरी प्रत्येक करडानंतर थू थू करते. तोलल्याने नजर लागते म्हणे. मी म्हटलं, न तोलल्याने काय लागतं ते मी चोवीस वर्षं बघितलं आहे.

मी रिक्षाने अकराला पोचते. तोवर त्यांचं खाणंपिणं उरकून ती उन्हात सुस्त पडलेली असतात, त्यामुळे पकडायला सोपी जातात. सहा आठवडे दर मंगळवारी हेच. सुरुवातीची सरासरी लाल गटाची ५.६ किलो, निळ्याची ५.७.

एक गोष्ट टिपली. काल वजनांनंतर लाल डब्यातलं खाणं मी पहिल्यांदा समोर ठेवलं तेव्हा चारही करडं मागे सरली. वास घेतला, एक शिंकलं, दोन पावलं मागे, पुन्हा वास. चांगली दहा मिनिटं गेल्यावर धिटुकल्याने तोंड लावलं. धिटुकला हे नाव मी दिलेलं नाही. आपोआप पडलं.

आई


फरीदाबाद, ५ फेब्रुवारी

चि. प्रतीक,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमनची वेळ मला पाठ झाली आहे.

करडं छान आहेत. आठही. केसांना तकाकी आली आहे, लेंड्या कोरड्या आणि गोळीबंद. धुकं इतकं आहे की परवा रिक्षावाल्याने मला भलत्याच गोठ्यापाशी उतरवलं आणि तिथल्या म्हशीने माझं स्वागत केलं. काल पिशवीत घातल्यावर धिटुकल्याने काट्याचा हूक चावला.

भतेरी विचारत होती, ये कीड़ा बनाता कौन है. म्हटलं, माझा मुलगा. "थारा छोरा? तो फेर ये थैली पे किसी और का नाम क्यूँ लिखा था?" तिला वाचता येत नाही असं मी धरून चालले होते. येतं. सांगितलं, आमचं बोलणं नाही. ती म्हणाली, "गलती किसकी?" मी म्हटलं, समितीची. ती म्हणाली, "ये समिती कुण सै? थारी देवरानी?"

देवरानी म्हणजे धाकटी जाऊ. मला हसू आलं. घरी आल्यावर ओसरलं.

तेव्हा एक दुरुस्ती. पाच जण होते हे खरं. पण पशुखाद्याच्या प्रस्तावांवर बाकीचे चौघे माझंच टिपण वाचून सह्या करत. टिपण मी लिहिलं होतं. तुला ते कळलं कसं, हेही मला माहीत आहे. तुला मिळालेल्या प्रतीत नाव झाकलं होतं, पण समासातले त्रिकोण राहिले. तुझ्या चौथीच्या गणिताच्या वहीपासून मी चुकीपुढे बारीक त्रिकोण काढत आले आहे. नाव झाकणाऱ्या कारकुनाला ते कसं माहीत असणार?

प्रस्ताव तुझ्या कंपनीच्या नावाने आला होता. तो तुझा आहे हे मला ठाऊक होतं. आईने मुलाचा कागद तपासू नये, परत करावा, हा नियम मी दुसऱ्यांना शिकवलेला आहे. मी परत केला नाही. वाटलं, मी हात झटकले तर लोक म्हणतील मुलाला घाबरली, आणि पास केला तर म्हणतील मुलाला झुकतं माप दिलं. म्हणून मी कडक तपासायचं ठरवलं.

एवढंच होतं. कडकपणा हा गुन्हा नाही.

आई


फरीदाबाद, २६ फेब्रुवारी

चि. प्रतीक,

काल शेवटची वजनं झाली. आकडे असे. लाल गटाची सरासरी वाढ २.३१ किलो, निळ्याची २.२८. फरक तीस ग्रॅम. एक करडू मुतलं तर तेवढा पडतो.

म्हणजे फरक नाही.

तुझ्या प्रस्तावात अळी खाणारी करडं दीडपट वाढली असा दावा होता. माझा आक्षेप क्रमांक तीन तुला आठवत असेल, "तुलनेचा गट वेगळा ठेवल्याचा पुरावा नाही, त्यामुळे निष्कर्ष घाईचा." मी आता स्वतःच्या हाताने दोन गट केले, दोरे बांधले, डबे वेगळे ठेवले, सहा आठवडे तोललं. दीडपट सोड, सव्वापटही नाही. माझी शंका रास्त होती हे तू मान्य करावंस अशी अपेक्षा आहे. भुकटी वाईट नाही. करडं ती आवडीने खातात, पोट बिघडत नाही, पेंडीच्या जागी चालेल. पण चमत्कार नाही. तू चमत्कार लिहिला होतास.

हे पत्र लिहिताना मला जितकं बरं वाटायला हवं होतं तितकं वाटत नाही. थंडी असेल.

रविवारी दोरे सोडवायला जाते आहे. पिशवीत चारशेएक ग्रॅम उरली आहे. मूठभर नेईन म्हणते, निळ्या गटाला निरोपाची. सहा आठवडे त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या डब्याचा वास घेतला.

आई


फरीदाबाद, २ मार्च

प्रतीक,

मागचं पत्र फाडून टाक. किंवा ठेव. ठेवच.

आज सकाळी निळ्या दोऱ्याच्या करडापुढे लाल डब्यातलं खाणं हातावर धरलं. जे त्याने जन्मात खाल्लेलं नाही ते. त्याने वास घेतला नाही, शिंकलं नाही, एक पाऊल मागे सरलं नाही. सरळ हातात तोंड खुपसलं आणि मूठ चाटून पुसून साफ केली. दुसरं निळं आलं, तेही तसंच. तिसरं आणि चौथं माझा पदर ओढायला लागली.

जानेवारीत लाल गटाने दहा मिनिटं घेतली होती. ते मी तुला लिहिलं होतं.

मी भतेरीकडे बघितलं. ती शेळीच्या कासेकडे बघत होती.

"भतेरी, नीले डिब्बे वालों को लाल डिब्बे का दिया?"

"ना जी."

"फिर?"

"दोनूं डिब्बे एक परात में मिला दूँ थी. फेर आठों में बराबर."

"कब से?"

"दूसरे दिन से."

माझा आवाज चढला. सहा आठवडे, म्हटलं, मी धुक्यातून येत होते ते कशासाठी? तीनदा समजावलं होतं, तीनदा मान हलवलीस! तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग हातातली चरवी खाली ठेवली.

"बहनजी, म्हारा नाम भतेरी क्यूँ सै, बेरा है?"

मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. ती चौथी मुलगी. आजीने तोंड बघितलं आणि म्हणाली, भतेरी हो गी, म्हणजे पुष्कळ झाल्या, आता पुरे. तेच नाव ठेवलं. आपल्या साताऱ्याकडे नकुशी ठेवतात तसं. तिच्या पाठीवर भाऊ झाला. एकाच चुलीपुढे त्याच्या ताटात तूप, हिच्या ताटात मीठ. "मन्नै उसकी थाली की खुशबू आया करती," ती म्हणाली. "मैं दो भाँत की थाली ना परोसूँ. बकरी का बच्चा हो तो भी ना परोसूँ. थारा हिसाब बिगड़ गया तो माफ़ी. पर आपने पूछा तो ना था, कि परोसेगी के ना? बस समझाया था."

बरोबर आहे. मी समजावलं होतं, विचारलं नव्हतं.

घरी आले आणि कपाटातून तुझा प्रस्ताव काढला. टिपणापुरती मूळ प्रत माझ्याकडे राहिली होती. परिशिष्ट चौदाव्या पानापासून सुरू होतं. चौदाव्या पानाचा वरचा कोपरा अजून पुढच्या पानाला चिकटलेला होता, छापखान्यातून येताना चिकटतो तसा. मी तो सुरीने सोडवला.

चौदाव्या पानावर तुझ्या गोठ्याचा नकाशा आहे. दोन वाडे, मध्ये पत्र्याची भिंत. दोन गटांना चारा घालणाऱ्या दोन वेगळ्या बायका, आणि डब्यात काय आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं. खाली तू लिहिलं आहेस, "एकच बाई ठेवली तर ती जीव लावून सगळ्यांना सारखंच घालते. पहिली चाचणी यामुळे वाया गेली." तुझी पहिली चाचणी. जी चूक मी आज केली ती तू तीन वर्षांपूर्वी करून, ओळखून, सुधारून, लिहून ठेवली होतीस. आणि मी समासात त्रिकोण काढला होता की पुरावा नाही.

तू विचारलं होतंस, "आई, तू वाचलंस का?"

नाही. मी वाचलं नव्हतं. तेरा पानं वाचली आणि टिपण लिहिलं.

घाईने नाही. मला वेळ होता. तू चांगली नोकरी सोडून माश्यांची पैदास करायला गेलास आणि दिल्लीतल्या, आर. के. पुरमच्या माझ्या जुन्या मैत्रिणी विचारत, प्रतीक सध्या काय करतो. मी म्हणायचे, शेतीत आहे. प्रस्ताव हातात आला तेव्हा वाटलं, हा फेटाळला तर पोरगा कंटाळून दिल्लीला परत येईल. परिशिष्ट वाचलं असतं तर फेटाळता आला नसता. म्हणून वाचलं नाही. कडकपणाचा काही संबंध नव्हता. मला तू घरी हवा होतास.

हे लिहायला मला पाच पत्रं लागली. पहिल्याच पत्रात एका ओळीत मावलं असतं.

आई


फरीदाबाद, ८ मार्च

चि. प्रतीक,

सोबत एका पत्राची नक्कल जोडली आहे. मूळ पत्र समितीच्या सचिवांकडे रजिस्टर पोस्टाने गेलं. त्यात मी लिहिलं आहे की २०२२ सालच्या त्या प्रस्तावाचा अर्जदार माझा मुलगा होता, ते मी जाहीर केलं नाही, परिशिष्ट न वाचता टिपण लिहिलं, आणि आक्षेप क्रमांक तीनचं उत्तर चौदाव्या पानावर आहे. प्रस्ताव दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घ्यावा अशी विनंती केली आहे. समितीवरून माझं नाव काढायलाही सांगितलं. मुदत निघून गेली, असंही ते म्हणू शकतील. तसं म्हणाले तर मी प्रत्यक्ष जाऊन बसेन. दिल्लीतल्या कचेऱ्यांच्या बाकांची मला सवय आहे.

आता करडांचं. आठही धडधाकट आहेत. भतेरी म्हणते, अशी करडं तिच्याकडे आजवर झाली नव्हती. पण गेल्या वर्षीची वजनं तिच्या डोळ्यांत आहेत, कागदावर नाहीत, तेव्हा ते मी धरू शकत नाही. आठांनी निम्मी मात्रा खाल्ली, आणि निम्म्या मात्रेचा काय परिणाम होतो हे तुझ्याही परिशिष्टात नाही. तुला ठाऊक आहे का? असेल तर कळव. नसेल तर बघावंसं वाटत नाही का?

फेब्रुवारीत तीन शेळ्या व्यायल्या, पाच नवी करडं आहेत. भतेरीशी बोलले. या वेळी विचारलं. ती म्हणाली, दोन ताटं तिच्या हातून होणार नाहीत. पण लाल दोऱ्याची करडं पलीकडच्या वाड्यात तिच्या जावेकडे ठेवली तर चालेल. एका छताखाली भेद नको, एवढंच तिचं म्हणणं. डब्यात काय आहे ते जावेला सांगायचं नाही, पण आहे काहीतरी हे सांगायचं. मी कबूल झाले. हे सगळं तुझ्या चौदाव्या पानावर आहेच. ती मात्र तिथे पान न वाचता पोचली.

तीन किलोची दुसरी पिशवी आज मागवली आहे. माझ्या नावाने.

आई


फरीदाबाद, २३ मार्च

चि. प्रतीक,

काल दुपारी पार्सल आलं. वर कुमुदिनीपासून माझं पूर्ण नाव, पत्ता, आणि "विनय कामत यांच्या खालचा मजला". अक्षर तुझं. पोस्टमनने पेन पुढे केलं, मी पूर्ण नावाची सही केली.

पिशवी उघडली. या वेळची भुकटी बारीक चाळलेली आहे. भिंगाखाली एकही कडी दिसली नाही.

आत चिठ्ठी होती. ना मायना, ना सही. एवढंच,

"अकराला वजनं घेतेस. म्हणजे चारापाणी झाल्यावर?"

आणि समासात बारीक त्रिकोण.

दोन महिन्यांच्या करडाच्या पोटात सकाळी अकराला पाव किलो पाणी आणि पाला सहज असतो. कधी जास्त, कधी कमी. तीस ग्रॅमचा फरक मोजायला निघाले होते आणि पोटातलं पाणी तोलत होते. उन्हात सुस्त पडतात, पकडायला सोपी जातात, हे मीच तुला कौतुकाने लिहिलं होतं. चोवीस वर्षं पोती तपासली. पोती पाणी पीत नाहीत.

तू पंधरा जानेवारीचं पत्र वाचलं आहेस. नीट वाचलं आहेस.

उत्तर : होय, चारापाणी झाल्यावर. चुकलं. परवा मंगळवारपासून सकाळी सहाला, उपाशीपोटी. रिक्षावाल्याला सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, "माताजी, इतनी सुबह कौन सा मंदिर खुलता है?"

तुला आणि सूनबाई अक्षताला अनेक आशीर्वाद. पहिल्या पत्रात राहिले होते.

आई

ता. क. त्रिकोण जरा मोठा काढत जा. चष्मा लावूनही पटकन दिसला नाही.